हरणीचे पुढचे पाटे

टण्ण. आणि मग बराच वेळ नुसती थरथर, लिंबाच्या फांदीवरून खाली उतरत जाणारी. आमच्या शाळेला पितळेची घंटा नव्हती. उलटलेल्या एका मालट्रकच्या स्प्रिंगचा पाटा, म्हणजे चाकांवरची बाकदार पोलादी पट्टी, सयाजी लोहाराच्या वडिलांनी तारेनं लिंबाला टांगला होता, आणि तो वाजवायचं काम सयाजीकडं होतं. टोला देऊन झाला की तो पाट्यावर तळहात ठेवायचा, थरथर थांबायची, आणि गुरुजी कविता सुरू करायचे. तो आवाज मला आज शहात्तराव्या वर्षीही जसाच्या तसा ऐकू येतो. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढचा बराचसा मजकूर ऐकण्याबद्दलच आहे.

मी, अर्जुना तात्याबा लवटे, वय वर्षे ७६, धंदा पूर्वी गॅरेज आणि आता काही नाही, राहणार पलूस, जिल्हा सांगली, माझ्या मागं माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला मागं टाचला आहे. हे कुणी धमकावून, पाजून किंवा गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारी माझी बायको हरणाबाई २०१७ साली गेली. मी रागात आहे हे खरं. पण रागात लिहिलेलं कायद्यानं चालतं का, असं मी सांगलीच्या वकीलबाई क्षमाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, शांतपणे मृत्युपत्र लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

क्षमाताईंनी मला छापील मसुदा दिला होता. त्यात हरणी 'जंगम मालमत्ता, वाहन एक' अशी होती. तो मी परत केला. त्यांची एक सूचना मात्र ठेवली आहे: दोन साक्षीदार हवेत, आणि या कागदानं ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार होऊ नये. पहिले साक्षीदार चिंतामण सर. मूळचे वाईचे, इथल्या हायस्कुलातून मराठी शिकवून निवृत्त झालेले. दुसरा आमच्या शेजारचा उदयसिंह. दोघांना रविवारी सकाळी बोलावलं आहे.

कलम १. घर. पलूसचं राहतं घर मी स्वतःच्या कमाईनं बांधलं. ते माझा मुलगा तानाजी याला. तानाजीचं सांगलीत स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू विकण्यासाठीच जन्माला आली अशी त्याची समजूत आहे. घर विकू नये असं मी लिहिणार होतो, पण विकणारा विकतोच. एवढंच म्हणतो की दारावर टांगलेला शाळेचा पाटा या कलमात येत नाही. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा तो भंगारात निघाला होता, मी मागून आणला. आमच्याकडं येणारा माणूस बेलचं बटण दाबत नाही, पाट्यावर टोला देतो. हरणाबाईला तो आवाज आवडायचा. म्हणायची, "आवं, पाव्हणं येत्यात आन् वाटतंय शाळाच भरली."

कलम २. बँकेतली ठेव सगळी सूनबाई सोनम हिला. तानाजीनं यावर तोंड वाकडं करू नये. मिरजेत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सोनमनं रजा काढून मला सांभाळलं. त्याच चार दिवसांत तानाजीनं माझ्या शेडमधला जुन्या पाट्यांचा ढीग टेम्पोत भरून भंगारवाल्याला दिला. डोळ्याला पट्टी बांधून घरी आलो तर शेड लख्ख झाडलेलं. तानाजी म्हणाला, "आबा, किती स्वच्छ झालं बघा." एकेचाळीस वर्षं एकेक पाटा वाजवून, निवडून ठेवलेला होता. एका डोळ्यानं मी ती रिकामी जागा बघत उभा राहिलो. हे मी माफ केलेलं नाही, आणि मेल्यावर करीन असंही नाही.

कलम ३. हत्यारं. पाने, पुलर, व्हाइस, रिंगपान्यांचा संपूर्ण संच माझी नात समीक्षा हिला. मोठा जॅक उदयसिंहानं २००९ साली दोन दिवसांसाठी नेला होता. तो मी याद्वारे उदयसिंहालाच देतो. सोळा वर्षं तो जॅक लपवताना त्याला किती त्रास झाला असेल. आता तो उघड वापरावा.

कलम ४. वही. याचं थोडं सांगावं लागेल. आमची मूळ वस्ती आटपाडीकडची. वडील तात्याबा मेंढरं घेऊन दरवर्षी इकडं कृष्णाकाठाला उतरायचे. शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. एका रानात चार रात्री, मग दुसरं रान. वाडा म्हणजे आमचा सगळा संसार, घोड्याच्या पाठीवर हलायचा. वाडा जवळच्या रानात असला की मी पलूसच्या शाळेत, लांब गेला की शाळा बंद. गुरुजींनी सोमवारी कवितेचं पहिलं कडवं फळ्यावर लिहावं, आम्ही ते घोकावं, आणि गुरुवारी दुसरं लिहायच्या आत वाडा हललेला असावा. त्यामुळं मला चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता येतात, पण अर्ध्या. पाखरू घरट्यातून उडालं एवढं मला माहीत, कुठं बसलं ते नाही. नावाड्यानं होडी सोडली, पुढं पैलतीर आलं की तो बुडाला हे कळायला मला चिंतामण सर भेटेपर्यंत, म्हणजे साठीपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात मी गॅरेजमध्ये बसून राहिलेली कडवी स्वतःच लिहिली. ती वही सरांना द्यायची होती. सर म्हणाले, "अहो लवटे, वही घेतली तर सही करता येणार नाही. आणि तुमच्या कागदावर सही करायला दुसरं कुणी येणार नाही अशी तुमची ख्याती आहे." म्हणून वही समीक्षालाच. ती वाचणार नाही. तिला अपुऱ्या गोष्टी आवडत नाहीत, ती पुऱ्या करून टाकते.

कलम ५. हरणी. या कागदाचं खरं कारण ही आहे.

हरणी म्हणजे १९६८ सालची पिकअप. १९८९ साली साताऱ्याला सरकारी लिलावात घेतली. गोल नाक, दोन डोळे, मागं उघडा हौदा. हरणाबाई म्हणाली, "माझं नाव दिलंया तर आता माझ्यासारखी पळाली पायजे." तीस वर्षं तिनं गॅरेजचं सामान ओढलं. मग एक दिवस समीक्षानं मला मोबाईलवर परदेशातली एक शर्यत दाखवली. पाव मैलाचा सरळ रस्ता, वळण नाही, गर्दी नाही, दोन गाड्या शेजारी. हिरवा दिवा लागला आणि आमच्या हरणीच्याच वयाच्या एका पिकअपनं नाक वर उचललं आणि सुटली. मी तिला ते सात वेळा परत दाखवायला लावलं. टक्करीचा मेंढा धावायच्या आधी असाच पुढून उचलतो, सगळं वजन मागच्या पायांवर घेतो. माझा बाप जन्मभर मेंढरांच्या चालीनं चालला, मीही बारा वर्षांचा होईपर्यंत त्याच चालीनं. मनात आलं, या घराण्यातून एकदा तरी कुणीतरी सरळ रेषेत, न थांबता, शेवटापर्यंत जावं.

सहा वर्षं आम्ही हरणी बांधली. इंजिनावर भांडण झालं नाही. झालं ते पुढच्या भागावर. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. अशा शर्यतीत पुढच्या चाकांनी दोनच कामं करायची: सुटताना चटकन वर यायचं, म्हणजे वजन मागच्या चाकांवर बसतं आणि ती जागच्या जागी फिरत नाहीत, आणि खाली येताना सरळ यायचं. म्हणून पुढचं सगळं हलकं हवं. शॉकअप असे हवेत की जे झटकन उघडतात आणि सावकाश मिटतात.

तानाजीला यातलं काही नको होतं. त्याच्या दुकानात लाल रंगाचा एक चकचकीत संच आला होता, कॉइल स्प्रिंगा आणि नळीचे हात असलेला. तो बसवायला हरणीचा मूळ एक्सल कापून काढावा लागला असता आणि नाक जमिनीला टेकल्यासारखं खाली आलं असतं.

"आबा, लूक बघा की. नाक खाली पायजे."

"तानाजी, नाक खाली घालून तू चाल. ती वर करूनच सुटणार."

"पाटं कोण लावतंय आता? बैलगाडी हाय का?"

"बैलगाडीला पाटं नसत्यात रं. एवढं तरी ठावं पायजे दुकानदाराला."

त्याच्या मनात काय आहे ते मला नंतर कळलं. कराडजवळ हमरस्त्यावर एका हॉटेलवाल्याशी त्याचं बोलणं झालं आहे. माझ्या मागं हरणी त्या हॉटेलच्या दारात उभी करायची, हौद्यात माती घालून झेंडू लावायचे, दिव्यांच्या माळा सोडायच्या, आणि लोकांनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. म्हणून नाक खाली हवं. फोटोत बरं दिसतं. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या हरणीची कुंडी करायला निघालेल्या माणसाला मी हरणीचा एक नटही देत नाही. तानाजी लवटे याचा हरणीवर, तिच्या चाकांवर, तिच्या भंगारावर कसलाही हक्क राहणार नाही. हॉटेलवाल्यानं हा कागद वाचावा.

हरणी समीक्षाला. अटीवर. मूळ एक्सल राहील. पुढं पाटेच राहतील, वजन कमी व्हावं म्हणून दर बाजूला मूळच्या सहांपैकी चारच. पाटे जुने असतील, भंगारातून निवडलेले आणि वाजवून घेतलेले. नवा पाटा घालायचा नाही. नव्या पाट्याला सूर नसतो. चांगला जुना पाटा डोक्याच्या वर धरून हातोडीनं टोला दिला की शाळा भरल्यासारखा वाजतो. त्यात चीर असली तर बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. पन्नास वर्षं मी पाटे कानानं निवडले. साताऱ्याहून ट्रकवाले यायचे माझ्या कानासाठी.

कलम ६. सयाजी लोहार. हे कलम सगळ्यांनी नीट वाचावं.

सयाजी आणि मी एका बाकावर बसलो. तो घंटा वाजवायचा, मी कविता म्हणायचो. पुढं मी गॅरेज टाकलं, त्यानं शेजारी भट्टी टाकली. पाट्याची कमान बसली, म्हणजे बाक सपाट झाला, की मी पाटा त्याच्याकडं पाठवायचो आणि तो ती थंड्या पाट्यावर, नुसत्या घणानं, टोल्यावर टोला देऊन पुन्हा चढवायचा. तापवून केलं तर काम दहा मिनिटांचं, पण लोखंडाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि पाटा बाद होतो. हरणीच्या पुढच्या उजव्या बाजूचा मुख्य पाटा मिरजेच्या भंगारातून मी निवडला आणि सयाजीकडं दिला. एकोणीस जानेवारीला विट्याकडच्या माळावर, एका खाजगी धावपट्टीवर, समीक्षानं हरणी पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं सोडली. नाक उचललं. मी आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलेलं नाही. मग नाक खाली आलं, आणि तो पाटा मधोमध तुटला. एक्सल मागं सरकला, हरणी उजवीकडं ओढली गेली आणि मातीच्या बांधावर चढली. माझ्या नातीचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हेल्मेट आणि पट्टा होता म्हणून एवढ्यावर भागलं.

माळावर, शंभर लोकांसमोर, मी सयाजीला म्हणालो, "भट्टीत घातलास. आळस केलास. माझ्या पोरीचा जीव घेत होतास." तो काही बोलला नाही. काही न बोलणं म्हणजे कबुलीच. त्या दिवसापासून नऊ महिने मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्याला या कागदानं काहीही मिळत नाही. तो माझ्या तिरडीला खांदा देणार नाही. माझ्या दाराच्या पाट्याला त्यानं हात लावायचा नाही.

(कलम ५ मधील अटींवर आणि संपूर्ण कलम ६ वर मी आडवी रेघ मारली आहे. मजकूर वाचता येईल अशीच मारली आहे. खाडाखोडीवर समासात माझी सही आहे. पान फाडून नवं लिहिता आलं असतं. फाडलं नाही, कारण मी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे.)

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं. शनिवारी समीक्षा सांगलीहून आली. तिथं एका वर्कशॉपमध्ये ती गाड्यांच्या पुढच्या भागाचंच काम बघते. मनगट आता सरळ झालंय, पण पाना फिरवताना तोंड वाकडं करते आणि मी बघत नाही असं समजते. तिच्या हातात मापांचा कागद होता.

"आबा, दोन्ही मुख्य पाटे नवीन करून घ्यायचे. मापावर. बुश नवीन, यू-बोल्ट नवीन. एक्सलखाली पाचर घालायची, म्हणजे नाक उचललं तरी गाडी सरळ राहील. शॉकअप तुम्ही निवडलेलेच. ते बरोबर हायत."

"नवा पाटा नको."

"का?"

"सूर नसतो त्याला."

"सुराचं काय करायचंय? गाडी हाय का तंबोरा?"

मी चिडलो. म्हणालो, तुझ्या मापांनी पाटा कळत नाही, त्याला कान लागतो. मग ती खुर्ची ओढून माझ्या डाव्या बाजूला बसली. हल्ली घरात सगळेच माझ्या डाव्या बाजूला बसतात. मला वाटायचं खिडकीमुळं.

"आबा, तुमचा दाखला वाचला मी. डॉक्टरांनी खाली काय लिवलंय?"

खाली त्या बाईंनी लिहिलं आहे: 'बुद्धी पूर्ण शाबूत. उंच स्वर दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीत, उजव्या कानाची तूट मोठी. आठ-दहा वर्षांपासून असावे.' मला वेड लागलंय का ते बघायला मी गेलो होतो, आणि त्यांनी माझे कान तपासले. मी त्यांच्यावरही चिडून आलो होतो.

"त्या बाईला काय कळतंय पाट्यातलं."

"दाराचा पाटा वाजला की घरात कोण उठतं आबा?"

"हल्ली येतंय कोण?"

"रोज येत्यात. दूधवाला येतो, सर येत्यात, पोस्टातला येतो. आई उठती. तुम्ही बसून ऱ्हाता आन् म्हणता, हल्ली कुणी येत न्हाई."

ती थांबायला हवी होती, पण थांबणं तिच्या रक्तात नाही.

"त्यो तुटलेला पाटा बद्द वाजत व्हता. मिरजंतच म्हणले मी. तुम्ही म्हणला, मी काय भैरा हाय व्हय. सयाजीआजांनी पण सांगितलं तुमाला."

सांगितलं होतं. हे मी आता लिहितो, कारण साक्षीदारांसमोर खोटं लिहून मरायचं नाही. सयाजीनं पाटा ऐरणीवर ठेवला, एक हलका टोला दिला आणि माझ्याकडं बघितलं. "अर्जुना, बद्द हाय गड्या. दुसरा बघ." मी म्हणालो, "तू घण मार. निवडायचं काम माझं हाय." त्यानं मान खाली घातली आणि घण मारला. मी नऊ महिने ही गोष्ट आठवलीच नाही. एकदाही नाही. माणसाचं डोकं किती कामसू असतं, जे नको ते बरोबर उचलून आत टाकतं.

आणि आणखी एक आहे, जे समीक्षालाही माहीत नाही. तुटलेल्या पाट्याचा तुकडा मी माळावर सगळ्यांच्या आधी उचलला. तुटल्या जागेचा अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा काळपट, गंजलेला. पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच दाखवत आलो: काळं दिसतं ती जुनी चीर, चकचकीत ती आजची. तापवून पाणी उतरलेला पाटा वाकतो. असा कट्कन तुटत नाही. हे मला त्या क्षणी दिसत होतं, कळत होतं. मी तो तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि मग सयाजीकडं वळलो. तुकडा माझ्या कॉटखाली आहे. तो दाराच्या पाट्याशेजारी टांगावा. वाजवू नये. नुसता दिसू द्यावा.

मला ऐरणीवर ऐकू काय आलं होतं? मला खरंच टण्ण ऐकू आलं होतं. शपथेवर सांगतो. लिंबाखालचं. हाताला थरथर लागली आणि राहिलेलं कडवं मी स्वतःच लिहिलं, जसं वहीत लिहितो तसं. फरक एवढाच की या वेळी त्यावर माझी नात बसली होती.

मी समीक्षाला विचारलं, सयाजी माळावर बोलला का नाही. ती म्हणाली, "मी बोलणार व्हते. सयाजीआजांनी माझा हात धरला. धड हात. म्हणले, ऱ्हाऊ दे पोरी. चारचौघांत त्याला भैरा म्हणू नगंस. त्यो कानावर जगलाय."

माझा राग कमी झालेला नाही. तानाजीवरचा तर कणभरही नाही. पण सयाजीवरचा जो होता, तो आता कुठं ठेवावा ते मला कळत नाही. इतका मोठा राग, नऊ महिने जपलेला, आणि त्याला मालक सापडला तो मीच.

कलम ७. म्हणून नवं लिहितो. हरणी समीक्षा हिला, विनाअट. पुढचा भाग तिनं निवडावा. पाटे नवीन घ्यावेत, मापावर करून, ती म्हणते तसे. पाचर घालावी. पाटे काढून आणखी काही घालावंसं वाटलं तर तेही घालावं, फक्त नाक उचलू द्यावं. शर्यत माझ्या मरणाची वाट न बघता लावावी. पुढच्या जानेवारीत पट्टी मोकळी आहे. मी डावा कान तिच्याकडं करून उभा राहीन. तानाजीनं लाल संच परत करावा आणि हॉटेलवाल्याला झेंडू दुसऱ्या कशात तरी लावायला सांगावं.

कलम ८. सयाजी लोहार याला मी या कागदानं काहीही देत नाही. हे मुद्दाम लिहितो. शाळेचा पाटा त्याचाच आहे. त्याच्या बापानं टांगला, त्यानं वाजवला. पण मेलेल्या माणसाच्या कागदातून त्याला तो मिळावा इतकं स्वस्तात मी सुटू नये. तो मी जिवंतपणी, स्वतःच्या हातानं, त्याच्या भट्टीवर नेऊन द्यायचा आहे, आणि माळावर शंभर लोक होते तेवढे नाही तरी दहा तरी लोक तिथं असायला हवेत. अजून गेलेलो नाही. काल संध्याकाळी चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. खांदा द्यायचा की नाही ते त्यानं ठरवावं.

कलम ९. माझ्या मागं बँड लावू नये. फ्लेक्सवर माझा गॉगल घातलेला फोटो छापू नये. तो गॉगल ऑपरेशननंतरचा आहे. चिंतामण सरांनी एक कविता म्हणावी, कुठलीही, पण शेवटच्या कडव्यापर्यंत. मध्ये कुणी हलू नये.

या आधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरचं सगळं मी वाचून पाहिलं आहे, सरांकडून मोठ्यानं वाचून घेतलं आहे, डाव्या बाजूनं, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: पलूस, जिल्हा सांगली
तारीख: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार

(सही) अर्जुना तात्याबा लवटे

साक्षीदार १: (सही) चिंतामण सर, मूळ राहणार वाई, सध्या पलूस. लवटे यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन मी सुधारलेले नाही.

साक्षीदार २:

ही जागा कोरी का राहिली ते लिहितो. उदयसिंह ठरल्याप्रमाणे आला, चहा घेतला, आणि सही करायच्या आधी कलम तीन वाचलं. म्हणाला, "त्यो जॅक माझाच हाय." सरांनी त्याला समजावलं की आता कागदानंच त्याचा झाला, आणि म्हणूनच त्याची सही चालणार नाही. त्यानं अर्धा चहा ठेवला, चपला घातल्या आणि गेला. सर म्हणाले, "लवटे, ज्याला तुम्ही काहीही ठेवलेलं नाही असा एखादा माणूस या गावात आहे का?" मी म्हटलं, एकच आहे, आणि तो या दारात पाय ठेवणार नाही, मीच तशी सोय केली आहे.

एवढं लिहिलं आणि सरांनी मान वर केली. दाराकडं बघायला लागले. सोनमही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी उठून चौकटीवर तळहात ठेवला. लाकूड थरथरत होतं.

बाहेर पायरीखाली सयाजी उभा आहे. माझ्याकडं बघत नाही. पाट्यावर तळहात ठेवून थरथर थांबवतो आहे, गुरुजींनी सुरुवात करावी म्हणून थांबवायचा तशी.